खिडकीकडच्या सीटची चीर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, संपादकांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण नक्की काय, ते मलाही कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल असं वाटलं होतं. तसं काही होताना दिसत नाही.

मी महाळुंगे पडवळचा. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या बातम्या एका दैनिकाला देतो. बिबट्या, बाजारभाव, माळशेजची दरड, पाणी. बातमीत 'मी' येऊ द्यायचा नाही, हे मला सुरुवातीलाच शिकवलं गेलं. म्हणून हे लिहिताना हात अडखळतो.

मढच्या बायकांचा एक बचत गट आहे. हातसडीचा तांदूळ आणि नाचणीचे पापड विकतात. चांगुणाकाकी त्याच्या अध्यक्ष. म्हणजे होत्या. गट त्यांनीच उभा केला, थेट डिंगोऱ्यापर्यंत दारोदार फिरून. दिल्लीच्या एका प्रदर्शनाचं बोलावणं आलं, नेणाऱ्या संस्थेने येतानाचं विमानाचं तिकीट काढून दिलं, आणि मढच्या बायका विमानात बसणार ही बातमी म्हणून मीही बरोबर गेलो. काकींची सीट खिडकीची, माझी शेजारची.

विमान आतून खराब होतं. एवढं तरी मला ठामपणे सांगू द्या. माझ्या समोरचा ट्रे चिकटपट्टीने अडकवलेला. काकींच्या डोक्यावरचा दिवा लागत नव्हता. सीट मागे करायचं बटण आत रुतून बसलेलं. पुढच्या खिशाची जाळी फाटकी, त्यात कुणाचा तरी च्युइंगगम वाळलेला. मागून एक बाई म्हणाली, यापरीस आपली यष्टी बरी, तिची खिडकी तरी उघडती. सगळ्या हसल्या. मी मनात मथळा जुळवत होतो.

काकींच्या सीटच्या कडेला, माझ्या बाजूला, रेक्झिनला चीर होती. बोटभर. काकी शौचालयाकडे गेल्या तेव्हा मी तिचा फोटो काढला. फोटोत ती चीर वाटेना, सुरकुती वाटत होती.

मग मी चिरेत बोट घातलं.

इथे मला नीट सांगता येत नाही. आतला फोम दिसावा म्हणून कड थोडी उचलायची होती — एवढंच ठरवलं होतं का? की ओढायचंच होतं? रेक्झिन जुनं, वाळलेलं. ते फाटत गेलं. हात मध्येच थांबवता आला असता. थांबवला नाही. चीर वीतभर झाली, फोम बाहेर आला, मी फोटो काढला. चांगला आला. ट्रेचा फोटो होता, दिव्याचा होता, जाळीचा होता. बातमी खरी होती. मग खऱ्या बातमीसाठी हा एक फोटो मी का बनवला? दुसऱ्या कुणा वार्ताहराने असं केलं असतं तर त्याला घरी पाठवा म्हणणारा पहिला मीच असतो.

काकी परत आल्या आणि दचकल्या. आपल्या बसण्यानं फाटलं काय, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हणालो, जुनंच आहे ते, काकी. त्यांचं समाधान झालं नाही. आमच्याकडे बायका बांगडीत सेफ्टी पिना अडकवून ठेवतात. पदर सुटला, पिशवीचा बंद तुटला, की पिन. काकींनी फोम आत दाबला, दोन्ही कडा जुळवल्या आणि पिना लावून टाकल्या. गोधड्या शिवणारी बाई — फाटलेलं तसंच कसं सोडणार? मग त्या अंग चोरून बसल्या, पार पुण्यापर्यंत.

उतरण्याआधी पट्टे तपासायला आलेल्या हवाईसुंदरीला त्या पिना दिसल्या. विमान थांबल्यावर तिने तिच्या वरिष्ठ बाईंना बोलावलं. त्यांनी काकींना हिंदीत विचारलं, पिनेने सीट का फाडली. मागे सगळा गट पिशव्या घेऊन खोळंबलेला. सगळ्या ऐकत होत्या.

"आमी शिवतो बाई, फाडत न्हाई," काकी म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी व्हता की शेजारी. सांगा की यांना."

मी सांगितलं, "मैंने देखा नहीं."

काकींना हिंदी कळत नसेल असं मला वाटलं. हिंदी प्रश्नाला त्यांनी नुकतंच उत्तर दिलं होतं, आणि त्यांच्या घरी हिंदी मालिका रोज चालतात, हेही मला माहीत होतं. तेव्हा आठवलं नाही — की आठवलं होतं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाव-गाव सांगितलं, पिशवी उचलली आणि उतरल्या.

बातमी फोटोसकट पहिल्या पानावर आली. विमान कंपनीने खुलासा पाठवला की सीट एका महिला प्रवाशाने पिनेने फाडली. संपादकांनी फोन करून एवढंच विचारलं, फोटोत आहे तसंच होतं ना? मी हो म्हणालो. खुलासाही आम्ही छापला, बातमी समतोल हवी म्हणून. त्याचा मजकूर मीच थोडक्यात बसवला. त्यात नाव नव्हतं. मढला नावाची गरज पडली नाही.

आधी थट्टा झाली. ओतूरच्या बाजारात कुणी विचारायचं, काय अध्यक्षीणबाई, आता यष्टी फाडायची का? मग संस्थेचा निरोप आला, पुढच्या वेळी ज्यांच्यावरून बोलणी ऐकावी लागली त्यांना आणू नका. गटाच्या बैठकीत काकींनी आपणहून पद सोडलं. ती बातमीही मीच दिली. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं. त्यांची प्रकृती उत्तम होती.

मी खोटं बोललो हे त्यांना कळलं असणार. पण चीर कुणी वाढवली, ते? त्या मला चहा देतात, भाऊ म्हणतात. मला जास्त भीती कशाची वाटते — त्यांना माहीत असल्याची की नसल्याची? पुष्कळ विचार केला. कधी एक वाटतं, कधी दुसरं.

यंदा गट पुन्हा दिल्लीला निघाला, रेल्वेने. मी बातमीसाठी मढला गेलो. नव्या अध्यक्ष बाकीच्या बायकांना फोटोसाठी अंगणात उभं करत होत्या. काकी ओसरीवर बसून तांदळाच्या पिशव्यांची तोंडं शिवत होत्या. तुम्हीही या, असं मी त्यांना म्हणालो.

"नको भाऊ," त्या म्हणाल्या. "मी फोटूत आले की बोलणी गटाला बसत्यात."

मी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. काकी त्यात नाहीत.