वायरींना बांधलेलं लिंबू

त्या दिवशी देवावर विश्वास उरला नव्हता; राग मात्र होता. राग धरायलाही समोर कुणी असावं लागतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया दुपारी चिंचवडच्या रुग्णालयात ठरली होती. मला पाहिल्याशिवाय आत जाणार नाही, असं तिनं बजावलं होतं. उशीर झाल्यास दुसऱ्या रुग्णाला घेऊ, असं डॉक्टरांनी. पुढच्या तारखेपर्यंत ती टिकेल, असं कुणी छातीठोक सांगत नव्हतं. तरी साहेबांनी सकाळी कंपनीत बोलावलंच. उत्पादनाची लाइन सुरू करून द्या, मग जा, म्हणाले. महाळुंग्यातल्या कंपनीतून निघालो आणि वाटेतल्या एका चौकाच्या अलीकडे मोटारसायकल बंद पडली. स्टार्टर नुसता टकटक करत होता. गाडीला किक नाही. रस्ता कंटेनरनी तुंबलेला, रिक्षा मिळणं अशक्य. याआधी मेकॅनिकनं 'राव, बॅटरीच गेलीय' म्हणत दोनदा बॅटरी बदलली होती. नवी बॅटरी पुन्हा का उतरते, हे त्यानं एकदाही तपासलं नव्हतं.

कडेला शेंदूर फासलेला म्हसोबा होता. आई दर शनिवारी त्याच्या नावानं गाडीला लिंबू-मिरची बांधायची. हँडलला बांधलं की पार्किंगमध्ये कुणीतरी तोडतं, म्हणून बाजूच्या झाकणाआड, वायरींना. मी झाकण उघडलं. "घे तुझं तुला," म्हणत दोरा हिसडला. लिंबाबरोबर चार्जिंगच्या वायरींचा जोडही निसटून हातात आला. आतल्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता. लिंबाचा रस महिनोन्‌महिने त्यात झिरपत होता. बॅटरीपर्यंत वीज पोचतच नव्हती. राग दुप्पट झाला. आईच्या श्रद्धेनंच आईची वाट अडवली होती. लिंबू म्हसोबापुढं आदळलं. किल्लीनं गंज खरवडला, जोड पुसून घट्ट बसवला. पण उतरलेल्या बॅटरीवर गाडी सुरू होईना, आणि समोर चढ.

म्हसोबाला उदबत्ती लावणारे एक म्हातारे सगळं पाहत होते. ते उठून गाडीच्या मागं आले.

"दुसरा गिअर टाका. मी हाय मागं."

त्यांनी ढकललं, मी क्लच सोडला आणि गाडी सुरू झाली. रेस वाढवली तसा मिणमिणता दिवा उजळला. चार्जिंग होत होतं. आभार मानायला वळलो, तर मध्ये कंटेनर आलेला.

रुग्णालयात पोचलो तेव्हा आई स्ट्रेचरवर होती. तिनं माझा हात धरला.

"गाडीचं लिंबू हाय ना रं?"

कडू उत्तर जिभेवर आलं होतं. "म्हसोबापाशी ठेवलंय," म्हणालो.

"मग बरं," म्हणत तिनं हात सोडला.

शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार बंद झालं. माझ्या हाती करण्यासारखं काही उरलं नाही. मागं कुणीतरी आहे, एवढंच धरून बाकावर बसून राहिलो.

आई आता घरी आहे. लिंबू मी बांधतो, हँडलला, वायरींपासून लांब. राग अजून येतो. साहेबांचा तर रोजच. त्या दगडापाशी तो बोलून मी मोकळा होतो. म्हसोबा ऐकून घेतो, म्हणून हात जोडतो.