मागची भिंत

रेकॉर्डिंगमधला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही, असं मी पूर्वी गमतीनं सांगायचे. आता चांगलाच ओळखू येतो. भांडी घासताना येतो, एसटीत खिडकीशी बसले की येतो.

आमची संस्था सरकारी धोरणांसाठी पाहण्या करते. त्या वर्षी घरांची पाहणी होती आणि ढाणकीच्या पुढच्या एका गावात मी टॅब घेऊन दारोदार हिंडत होते. घर पक्कं की कच्चं, या प्रश्नाला दोनच पर्याय होते. सिमेंट-विटा दिसल्या की पक्कं. आमच्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्याबरोबर सिमेंटची भिंतही फाटते. हे मला कुणी सांगायला नको होतं, मी यवतमाळातच वाढले. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीत माझं बोट जायचं. पण फाटलेल्या भिंतीसाठी टॅबवर पर्याय नव्हता.

एका घरी पन्नाशीची बाई दारात तूर पाखडत होती. आत, मागच्या भिंतीला लागून, लकवा झालेला तिचा नवरा खाटेवर पडून होता. मला पुढची घरं उरकायची घाई होती.

तपासणीसाठी मुलाखती रेकॉर्ड होतात. महिनाभरानं ऑफिसात हेडफोन लावून मी माझीच मुलाखत ऐकली.

"पक्कं हाय न मॅडम. पन थे मांगची भिंत..."

"काकू, पक्कं की कच्चं, तेवढंच सांगा."

सुपाचा आवाज थांबतो. मग ती म्हणते, "पक्कं."

चूक मला तेव्हाच कळली. पण दुरुस्त करायची म्हणजे वरिष्ठांपुढे कबूल करायचं, आणि नवीन मुलींना मुलाखत कशी घ्यावी हे शिकवणारी तर मीच! तपासणीच्या तक्त्यात 'उत्तर स्पष्ट' पुढे मी खूण केली. अहवाल गेला. दुरुस्तीच्या मदतीची शिफारस फक्त कच्च्या घरांसाठी झाली.

श्रावणात ती भिंत खाटेवर पडली. गावातल्या आशा सेविकेनं फोनवर सांगितलं, नवरा जागीच गेला.

मी भेटायला गेले. भिंतीच्या जागी ताडपत्री बांधली होती, खाट कुठं दिसली नाही. बाईनं मला लगेच ओळखलं, चटई टाकली, पोरीला चहा ठेवायला सांगितलं. मी माफी मागायचीच ठरवून आले होते, ऑफिसातलं ते रेकॉर्डिंगही मोबाईलवर घेतलं होतं. पण आधी तीच बोलायला लागली.

"तुमी तं घरी येऊन इचारलं होतं मॅडम. म्याच पक्कं म्हनलं. भिंतीचं काहून नाई सांगतलं म्या? माह्या तोंडातून निंगालंच नाई. पोरगीबी तेच म्हनते, आई, तू सांगतलं असतं तं बाबा वाचले असते."

पोरगी कप घेऊन दारात उभी होती. आईकडे बघत नव्हती.

तिनं सांगितलं होतं. तिच्याच आवाजात, माझ्या पर्समधल्या मोबाईलमध्ये ते होतं. दोघींना एकदा ऐकवलं असतं तर पुरे होतं. पण तिच्या आवाजापाठोपाठ माझाही आवाज आला असता.

"मनाला लावून घेऊ नका, काकू," मी म्हणाले, आणि चहा पिऊन निघाले.