वाफेवालीच्या दोन वाट्या

तिच्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिने माझी किल्ली उकळली तेव्हा.

मी नुकतीच या इमारतीत राहायला आले होते. चार दिवस बाहेर जायचं होतं, म्हणून किल्ली ठेवायला समोरचं दार वाजवलं. पन्नाशी ओलांडलेली, केस घट्ट बांधलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली बाई दारात आली. तिने किल्ली हातात घेतली नाही. आतून चिमटा आणला, किल्ली चिमट्यात धरली आणि शेगडीवर खदखदणाऱ्या भांड्यात सोडली.

"राग मानू नका हं बाई," ती म्हणाली. "तुमच्यावर अविश्वास नाही. किल्लीवर आहे. किती हातांतून फिरते ती!"

आतल्या खोलीतून तिचा नवरा ओरडला, "बाई, उंबऱ्याच्या आत येऊ नका! तुम्हालाही सोडेल ती त्यात!"

ती हॉस्पिटलात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायचं काम करते. तळघरात तिची खोली आहे आणि खोलीत कपाटाएवढं वाफेचं मशीन. वापरलेल्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या खाली येतात. त्या धुवायच्या, कापडात गुंडाळायच्या आणि वाफेत घालायच्या. हे ती एकोणतीस वर्षं करते आहे. तिथे तिला सगळे वाफेवाली म्हणतात. आमच्या इमारतीतही तेच नाव रुळलं, कारण नवऱ्यानेच ते घरी आणलं.

एकदा मी तिला विचारलं होतं, "जंतू मेले हे कळतं कसं?" माझा हा प्रश्न तिला फार आवडला. हॉस्पिटलात तिला कोणी असं विचारत नाही. ती बैठक मारून सांगायला बसली. औषधाच्या बाटलीएवढीही नाही अशी एक छोटी नळी असते. तिच्यात मुद्दाम अतिशय चिवट जंतू ठेवलेले असतात. हत्यारांबरोबर एक नळी मशीनमध्ये घालायची आणि तसलीच दुसरी बाहेर ठेवायची. मग दोन्ही उबेत ठेवून वाट बघायची. आतली नळी जांभळीच राहिली तर जंतू मेले, मशीन पास. पिवळी झाली तर जंतू जिवंत, सगळी हत्यारं परत.

"आणि बाहेरची कशाला?"

"ती पिवळी व्हायलाच हवी. नाहीतर जंतू आधीपासूनच मेलेले होते की मी मारले, हे कसं कळणार? तिला आम्ही कंट्रोल म्हणतो." मग म्हणाली, "बाई, तुमच्या वर्गातल्या एखाद्या पोराला मुद्दाम काहीच शिकवलं नाही आणि ते नापास झालं, तर बाकीची तुमच्यामुळे पास झाली हे कळेल ना? तसं."

तिचा नवरा बसचा ड्रायव्हर. इमारतीतली मुलं त्याला ड्रायव्हरदादा म्हणतात, म्हणून मीही दादा म्हणते. सव्वीस वर्षं तो शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या लांबच्या बसवर होता. एक फेरी पन्नास मिनिटांची. मध्ये अठ्ठावीस थांबे आणि ड्रायव्हरला उतरून जाता येईल अशी सोय एकाही ठिकाणी नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. तीन आठवडे जोरदार प्रतिजैविकं घ्यावी लागली. पाय बरा झाला; पोट मात्र बिघडलं ते बिघडलंच. दिवसातून सहा-सात वेळा जावं लागे आणि तेही आत्ताच्या आत्ता. तपासण्या झाल्या, त्यांत भीतीचं काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, औषधाने वाईट जंतूंबरोबर आतड्यातले कामाचे जंतूही गेले असावेत, वेळ लागेल. पण डेपोकडे वेळ नव्हता. तीन महिन्यांची रजा मिळाली. तेवढ्यात बस चालवण्याइतका बरा झाला नाही तर त्याला कायमचं डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसवणार होते.

दादा खिडकीबद्दल असं बोलायचा, जणू ती तुरुंगाचीच आहे. "बाई, मी आयुष्यभर काचेच्या मागे बसलो, पण काच पुढे सरकत होती!"

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ मुलीने त्याला दही खायला सांगितलं, पाण्यातून घ्यायच्या पुड्या दिल्या आणि पथ्याचा एक कागद दिला. वाफेवालीने सगळं मनापासून केलं. फक्त तिच्या पद्धतीने केलं. आजारी माणसाला बाहेरचं काही कच्चं द्यायचं नाही, म्हणून दह्याची बरणी ती पंधरा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवी. दही फाटलं की घुसळून सारखं करी आणि वाटीतून गरमगरम त्याच्यापुढे ठेवी. पुडी वाफाळत्या सूपमध्ये. भाज्या सोलून, शिजवून, गाळून. दोन महिने गेले, फरक शून्य.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. मास्तरकीची सवय, समोर अक्षर दिसलं की वाचायचं. पुड्यांचं खोकं टेबलावर होतं. मी वाचलं, "गरम पदार्थात मिसळू नये. यात जिवंत जिवाणू आहेत."

"जिवंत?" वाफेवाली म्हणाली.

"असं लिहिलंय."

"औषधात जिवंत जंतू?"

दादा खुर्चीत सरळ झाला. "अगं, म्हणजे तू दोन महिने..."

"थांबा हो तुम्ही." तिचा चेहरा कामावरच्यासारखा झाला होता. "काही जंतू चिवट असतात, उकळून मरत नाहीत. आधी बघायला हवं."

आता, कडक तापलेल्या दुधात विरजण लावलं तर दही लागत नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण ते घरातलं शहाणपण होतं आणि हे हॉस्पिटलातलं काम. दोन्ही तिच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होती, आणि नवरा आजारी पडल्यापासून घरातला कप्पा बंदच होता.

तिने दूध कोमट केलं आणि दोन वाट्यांत सारखं ओतलं. एकीत बरणीतलं तसंच दही चमचाभर घातलं, दुसरीत तिने उकळून घोटलेलं. दोन्हींवर झाकणं ठेवली, पट्टी चिकटवून तारीख आणि वेळ लिहिली. पहिलीवर लिहिलं, कंट्रोल.

"पुड्यांचं काय?" मी विचारलं.

"पुड्यांचं खोक्यावरच लिहिलंय, ते मानू. दह्यावर काही लिहिलेलं नाही ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. पहिली वाटी तिने तिरकी केली; दही हललं नाही. दुसरी तिरकी केली. दूध ओट्यावर सांडलं. ते पुसायला ती धावली नाही, तेव्हा मला तिची काळजी वाटली.

"मशीन पास," ती म्हणाली. "दोन महिने रोज पास. एकही जिवंत सोडला नाही मी."

दादाकडे मी घाबरून पाहिलं. त्याच्या रजेचे दोन महिने गेले होते. पण तो म्हणाला, "म्हणून म्हणतो, हिच्याइतकं चोख काम हॉस्पिटलात कोणाचं नाही." आणि पहिल्या वाटीतलं दही चमच्याने खायला लागला. ती मात्र मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती.

त्याच दिवशी ती आहारतज्ज्ञ मुलीकडे गेली आणि सगळं कबूल करून आली. मुलगी हसली नाही, हे तिने मला तीनदा सांगितलं. मुलीने समजावलं, की दह्यातले जंतू पाहुणे असतात. आतड्यात आले तरी मुक्काम थोडाच. घरचे जंतू पुन्हा वाढायला हवे असतील तर त्यांना खायला द्यायला हवं, आणि आपल्याला न पचणारा चोथा हेच त्यांचं खाणं. कांदा, लसूण, केळं, ओट्स, कडधान्यं. "आणि तुम्ही नेमकं तेच गाळून टाकत होतात," मुलगी म्हणाली. शिवाय हेही म्हणाली, की याने गुण येईलच असं नाही. कोणाला येतो, कोणाला नाही. आणि वाढवायचं ते हळूहळू.

हळूहळू हा शब्द वाफेवालीने ऐकला नसावा. पहिल्याच दिवशी तिने दोन वेळा कडधान्य आणि वर कांदा असा बेत केला. संध्याकाळी समोरच्या दारातून दादाचा आवाज आला, "बाई, आज आमच्याकडे येऊ नका! हॉर्न वाजतोय!" दुसऱ्या दिवसापासून तिने चमच्याने मोजून वाढायला सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यात फरक नव्हता. दुसऱ्यात सातचे पाच झाले. तिसऱ्याच्या अखेरीस तीन, आणि मुख्य म्हणजे थांबता येऊ लागलं. रजा संपायला नऊ दिवस असताना दोघं त्याच्याच बसमध्ये प्रवासी म्हणून बसले. तिच्या खांद्यावर एवढी मोठी पिशवी.

"माहेरी निघालीस काय?" दादाने विचारलं.

"दुसरी विजार आहे. टॉवेल आहे. चला गुपचूप."

जाऊन-येऊन पावणेदोन तास. मी खिडकीशी बसून राहिले. परत आल्यावर दादा जिना चढतानाच ओरडला, "बाई, काही म्हणजे काही झालं नाही!" वाफेवाली मागून पिशवी सांभाळत येत होती. विजारीची घडीही मोडली नव्हती.

डेपोच्या डॉक्टरांनी मुदतीच्या दोन दिवस आधी बस चालवायला हरकत नसल्याचा कागद सही करून दिला. नंतर तिने आपल्या डॉक्टरांना विचारलं, गुण नक्की कशाने आला, दह्याने, पुड्यांनी की कडधान्यांनी? ते म्हणाले, सांगता येणार नाही. नुसता काळ गेल्यानेही आला असेल. हे उत्तर तिला अजून पटलेलं नाही.

"पण बरोबर आहे त्यांचं," ती मला म्हणाली. "कंट्रोल नव्हता. आता दुसरा नवरा कुठून आणू?"

दादा सध्या सकाळच्या पाळीला त्याच लांबच्या बसवर आहे. वाफेवालीला निवृत्त व्हायला दीड वर्ष आहे. माझी किल्ली ती अजून उकळूनच घेते. कामावर निघण्यापूर्वी ती दादाचा डबा भरते, आणि दह्याची छोटी बरणी त्यात शेवटी, भाजीपासून दूर, थंडच ठेवते.