चार्जिंगचा लाल दिवा

लग्न होऊन मी शहागडला आले तेव्हा गाडीतल्या विजेबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की बटण दाबलं की हॉर्न वाजतो. माझं माहेर तीर्थपुरीजवळचं, शेतकरी घरातलं. सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, हायवेला लागून गाड्यांच्या वायरिंगचं आणि बॅटरीचं दुकान होतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. माझा नवरा ट्रकवर होता, पंधरा-पंधरा दिवस बाहेर.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, अजून पिकू द्या, मग काढू. तोवर दुकान बंद ठेवायचं का, हे मामंजींनी घरात कुणाला विचारलंसुद्धा नाही. एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ते एका जीपमध्ये वाकून तांबड्या वायरीला काळी वायर जोडत होते.

"मामंजी, ती काळी हाय," मी म्हटलं.

ते थांबले. मान वर न करता म्हणाले, "बराबर बघितलं का?"

"बराबर."

"मंग तांबडी कोन्ती, ते दाव."

त्या दिवसापासून मी दुकानात उभी राहायला लागले. आधी नुसते रंग सांगायचे. मग पाने हातात आले, मग झाळ द्यायची, म्हणजे वायरीच्या जोडावर कथील वितळवायची, सोल्डरिंगची कांडी. येणारी निम्मी गाऱ्हाणी एकाच गोष्टीची असायची, ड्रायव्हरसमोरच्या पट्टीवर लागणाऱ्या बॅटरीच्या लाल दिव्याची. मामंजी दरवेळी त्याच क्रमानं विचारायचे. चावी फिरवल्यावर दिवा लागला का? इंजिन चालू झाल्यावर विझला का? चावी फिरवूनही लागला नाही तर आधी बल्ब बघायचा. इंजिन चालू होऊनही विझला नाही, तर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज करणारा अल्टरनेटर बॅटरी भरत नाही असं समजायचं आणि पट्ट्यापासून शोध सुरू करायचा. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं, की भाकरी थापतानाही माझ्या डोक्यात तेच चालायचं. वर्षभरात मी एकटीनं बल्ब, फ्यूज, हॉर्न, सेल्फ हे सगळं करायला लागले. अवघड निदान मात्र त्यांचंच असायचं. ते सांगायचे आणि मी उतरवायचे.

रोज सकाळी गावोगावचं दूध गोळा करून नेणारा एक टेम्पो होता. त्याचा ड्रायव्हर पन्नाशीचा, शांत माणूस, माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा, म्हणून मला वहिनी म्हणायचा. त्याच्या टेम्पोची बॅटरी उतरायला लागली. मामंजींनी अल्टरनेटर उतरवायला लावला, आतले कार्बन बदलले, बॅटरी चार्जिंगला लावून दिली. आठवडाभर गाडी चालली आणि परत आली. मग डायोड बदलले. पुन्हा आठवडाभर चालली.

तिसऱ्या वेळी चार माणसांनी टेम्पो ढकलत आणला. मागे दुधाचे कॅन भरलेले होते आणि ऊन वर येत होतं. दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून आम्ही इंजिन चालू केलं आणि तारा काढून घेतल्या.

"मिस्तरी, दिवा अजून जळूनच राह्यला," ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

मामंजी म्हणाले, "आतला रेग्युलेटर गेला असंल. पोरी, अल्टरनेटर उतरव."

मी पाना घेतला, पण आधी केबिनमध्ये चढून दिव्याकडं बघितलं. दिवा पुरता जळत नव्हता, मंद होता. हेडलाइट लावले तर तो जास्त तांबडा झाला, बंद केले तर पुन्हा मंद. अल्टरनेटर मेला असता तर दिवा आधीपासूनच पूर्ण जळाला असता. तो वीज करत होता आणि ती बॅटरीपर्यंत पोचत नव्हती, असं मला वाटलं. मी खाली उतरले, पट्ट्यात जाऊ नये म्हणून पदर कमरेला घट्ट खोचला आणि अल्टरनेटरकडून बॅटरीकडं जाणाऱ्या जाड वायरीवरून बोटं फिरवत गेले. मधल्या एका जागी, टेपच्या गुंडाळीवर, चटका बसला.

"उतरवला का?" मामंजींनी विचारलं.

"न्हाई. मामंजी, मला वाटतं अल्टरनेटर चांगला हाय."

ड्रायव्हर खाली बघायला लागला. ढकलून आलेली माणसं अजून तिथंच उभी होती. सासऱ्याचं बोलणं सुनेनं चारचौघांत खोडून काढायचं, हे आमच्या घरात कधी झालेलं नव्हतं. पण बोटाला बसलेला चटका खरा होता, आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

"मी दोनदा खोललाय तो," ते हळू म्हणाले. "तुला कशावरून वाटतं?"

सांगून पटवण्यापेक्षा मी त्यांचं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या हाताला कधी हात लावला नव्हता. त्यांचा हात पंख्यापासून लांब ठेवून वायरीवर नेला आणि टेपच्या जागी टेकवला. त्यांनी हात झटकन काढला. मग स्वतःहून पुन्हा लावला, थोडं पुढं चाचपलं, थोडं मागं.

"इथंच गरम हाय," ते म्हणाले. "बाजूला न्हाई."

"हाव."

"मंग बघती काय? जाड वायर घे. गाडी बंद कर, बॅटरीची अर्थची वायर आधी सोड."

आता आम्ही दोघं एकाच बाजूला होतो. मी अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत तात्पुरती वेगळी जाड वायर जोडली, अर्थची वायर परत बसवली आणि पुन्हा दुसऱ्या बॅटरीच्या मदतीनं इंजिन चालू केलं. केबिनमधून ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, दिवा गेला."

"हेडलाइट लावा."

"लावले. दिवा न्हाई."

गाडी बंद करून मी ती टेप कापली. आत जुना जोड होता. नुसता पीळ दिलेला, हिरवा पडलेला, अर्ध्या तारा तुटलेल्या. कसा आहे ते मी मामंजींना सांगितलं. त्यांनी तो बोटांत धरला आणि बराच वेळ चाचपत राहिले.

"हा जोड माझ्या हातचा हाय," ते ड्रायव्हरला म्हणाले. "उंदरानं वायर खाल्लती, तव्हा मी केल्ता. झाळ धरली न्हाई, अन मला ते दिसलं न्हाई."

ड्रायव्हर म्हणाला, "होतं मिस्तरी." एवढंच. पण मामंजींनी त्या उभ्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पुढं सांगितलं, "हिला दिसलं. आता वायरिंगचं हिलाच विचारत जा."

मी सबंध नवी वायर टाकली, दोन्ही टोकांना झाळ दिली आणि टेम्पो दुधासकट गेला. त्यानंतर त्याची बॅटरी उतरली नाही; तो ड्रायव्हर यायचा तो शेजारच्या टायरवाल्याकडं, आणि आमच्या दुकानाला लांबूनच हात करायचा.

पुढच्या हिवाळ्यात मामंजींचा मोतीबिंदू निघाला. त्यांना दिसायला लागल्यावर मला परत आत जावं लागेल, असं मी धरून चालले होते. ते जाड चष्मा लावून दुकानात आले, मी लावून ठेवलेले खोके उघडून बघितले, फ्यूज एकीकडं, वायरीच्या टोकाला बसवायचे थिंबल एकीकडं. मग स्वतःचं स्टूल उचलून बॅटऱ्यांच्या बाजूला नेऊन ठेवलं. गाड्यांच्या बाजूचं टेबल त्यांनी माझ्यासाठी सोडलं.

दोन हजार सालानंतर समोरच्या पट्टीवर डझनभर दिवे असलेल्या गाड्या यायला लागल्या. कुठल्या दिव्याचा अर्थ काय, हे मला पुस्तकात बघावं लागायचं. ग्राहकासमोर पुस्तक उघडायला मला कधी कमीपणा वाटला नाही. आधी वायरीवरून हात फिरवायचे, मग पुस्तक काढायचे. मामंजी तिकडून बॅटरीत पाणी ओतता ओतता विचारायचे, "काय म्हनते गाडी?" आणि मी त्यांना सांगायचे.