चिमूटभर माती

ईपर गावच्या आवेझूतनं चाळीस वर्षं लोकरीच्या कापडातल्या गाठी चिमट्यानं वेचल्या. कापड उजेडाकडे धरून बोट फिरवलं की खोट तिच्या हाताला लागायचीच. बाई देवभोळी. पण दरवर्षी उपासाच्या दिवसांत पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकून ती एकच पाप कबूल करायची.

तिचा भाऊ बाउडेन नऊ महिन्यांचा असताना आई गेली. तेव्हा भाकरी स्वतः चावून मऊ करून आवेझूतनं त्याला भरवली होती. मोठा झाल्यावर तो राजाच्या एका सरदाराकडे घोड्यांची निगा राखायला लागला. पुढे ईपर ज्यात येतं तो फ्लँडर्स परगणा फ्रान्सच्या राजावर, म्हणजे याच राजावर, उलटला. गावचे विणकर भाले घेऊन निघाले. बाउडेन मात्र राजाकडेच राहिला. ज्यांचं खाल्लं त्यांना पाठ कशी दाखवू, एवढंच तो म्हणाला. तिनं त्याला गाढव म्हटलं आणि वाटेसाठी चीज बांधून दिलं.

कोर्ट्राइकच्या ओढ्यांत राजाचे घोडे रुतले आणि विणकर जिंकले. तिसऱ्या दिवशी ती चालत तिथं पोचली. प्रेतांच्या अंगावर कुणी चिंधीही ठेवली नव्हती. आपल्या माणसांना देवळाच्या जमिनीत पुरायचं, राजाची माणसं तिथंच कावळ्यांना टाकायची, असा हुकूम होता. उघड्या देहावर बाजू लिहिलेली नसते. पण लढाईआधी देवाचा प्रसाद सगळ्यांना पुरणार नव्हता, म्हणून परगण्याच्या माणसांनी पायाखालची चिमूटभर माती तोंडात घेतली होती. खड्डे खणणारा लाउवर्स त्यामुळे आधी जबडा उघडून बघायचा.

घोड्यानं चावा घेतलेल्या कानावरून तिनं बाउडेनला ओळखलं. त्याचं तोंड स्वच्छ होतं.

तिनं माती उचलली आणि हात थांबला. प्रसादाच्या जागी घेतलेली माती ती. तिच्याबाबतीत खोटं करायचं म्हणजे देवाशीच खोटं. पलीकडे लाउवर्सचं फावडं वाजत होतं. तिनं माती त्याच्या ओठांत सरकवून पाहिली. जीभ वाळलेली, माती टिकेना. मग तिनं ती स्वतःच्या तोंडात घेतली, ओली केली, आणि पूर्वी भाकरी भरवायची तशी त्याला भरवली.

लाउवर्स आला. "कोण गं हा?"

"धाकटा भाऊ माझा."

"भाऊ असेल. कुणाकडचा ते विचारतोय."

"बघा की तोंड उघडून. सगळ्यांचं बघताय ना?"

त्यानं वाकून पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"ओठ पूस, बाई," तो हळूच म्हणाला. "मागून पाद्रीबाबा येतायत." आणि त्यानं बाउडेनचे पाय उचलले. खांदे तिनं धरले.

म्हातारपणी एका तरुण पाद्रीबाबांनी तिला समजावलं, की आजी, हे पाप केव्हाच माफ झालं, दरवर्षी कशाला सांगता?

"माफी पश्चात्ताप झालेल्याला असते ना बाबा," आवेझूत म्हणाली. "मला तो अजून झालेला नाही. म्हणून येते."