शालनअक्काच्या गाडीचा एक्सल

निरोप फोनवर आला, आणि तो अक्काच्याच बूथवरून आला. बारामती एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ऑफिसच्या खिडकीतून मला हाक मारली, मी रिसीव्हर कानाला लावला आणि सवयीनं म्हणालो, "बोल अक्का." पलीकडून चुलते, अक्काचे वडील, म्हणाले, "बापू, अक्का गेली रं... तीन दिसाचा ताप. छातीत उतरला." याला आता पाच आठवडे झाले. लोक म्हणतात, माणूस गेल्यावर राग धरू नये. मला ते जमलेलं नाही.

शालनअक्का माझी चुलत बहीण, शेळगावची. आमचं घराणं चालणाऱ्यांचं. आजा मेंढरांमागं वर्षातले आठ महिने चालायचा. त्याच घरात ही जन्मली आणि दुसऱ्या वर्षी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. तिशीपर्यंत ती उंबऱ्याच्या आत शिवणकाम करत बसली. मग अपंगांच्या कोट्यातून तिला फाट्यावर टेलिफोन बूथ मिळाला आणि त्याच वर्षी एका संस्थेनं इंदापुरात समारंभ करून हातानं चालवायची तीनचाकी दिली. छातीसमोर पायडल, ते हातांनी फिरवायचं. हार झाले, फोटो झाले. अध्यक्ष पुढं सरकणार तेवढ्यात अक्कानं विचारलं, "साहेब, हिचा एखादा भाग मोडला तर कुठं मिळंल?" ते हसून म्हणाले, "अहो ताई, आधी चालवा तर खरं!" सगळा मांडव हसला. मीही हसलो होतो, हे लिहून ठेवलं पाहिजे.

चार वर्षं अक्कानं ती गाडी चालवली. घर ते फाटा दीड किलोमीटर, त्यात ओढ्याकडचा चढ. दंड पैलवानासारखे झाले होते तिचे. वाटेत कुणी मागून ढकलायला आलं की ओरडायची, "हात काढ! मी काय हातगाडी हाय व्हय?" पलीकडच्या सणसर गावापर्यंत एकटी जाऊन यायची, काम काही नसताना, नुसती हिंडायला.

मग एका सकाळी त्या चढावर हातपायडलमधला आडवा दांडा, म्हणजे एक्सल, मोडला. वीतभर लोखंड. चुलत्यांनी इंदापूरची दुकानं पालथी घातली. उत्तर एकच : "साध्या सायकलीचं काय बी मागा. ह्या गाडीचा माल हितं येत न्हाय." बारामतीत मी हिंडलो. भिंतभर रंगीत घंट्या होत्या, मुठींना लावायच्या झिरमिळ्या होत्या, पोरांच्या सायकलींना आरसे होते. अक्काचा एक्सल नव्हता. एक दुकानदार म्हणाला, "मागवायचा तर डझन मागवावा लागतो. बाकीचे अकरा मी कुणाला घालू?" संस्थेला पत्र लिहिलं, त्यांनी गाडी बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता कळवला. कंपनीनं मॉडेल नंबर विचारला, तो गाडीवर कुठंच नव्हता. शेवटी व्ही.पी.नं पार्सल आलं, पोस्टात पैसे भरून सोडवून घेतलं, उघडलं, तर एक्सल दोन बोटं आखूड. परत पत्र. परत वाट पाहणं...

आठ महिने. सुरुवातीला चुलते तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून बूथवर नेत. पंधरवड्यात तिनं ते बंद केलं. "पोत्यागत मला उचलू नगा," म्हणाली. "चार वर्षं माझी मी गेल्याली हाय." बूथला कुलूप पडलं. फाट्यावर दुसऱ्यानं बूथ टाकला, गिऱ्हाईक तिकडं वळलं. मी महिन्यातून एकदा गावी जायचो आणि दर वेळी सांगायचो, "येईल अक्का, पार्सल येईल." ती मान फिरवायची.

आणि मग काय झालं? एकदा बारामतीच्या दुकानांत पुन्हा दाखवायला म्हणून तो मोडका एक्सल माझ्या पिशवीत होता. जेवणाच्या सुट्टीत आमच्या टर्नरनं, मानेमामांनी, तो पाहिला. "हे काय रं?" मी सांगितलं. त्यांनी डबा बाजूला ठेवला, भंगारातून शाफ्टाचा तुकडा उचलला आणि लेथ चालू केलं. तासाभरात एक्सल माझ्या हातात होता, अजून गरम. "आदी का न्हाय सांगितलंस?" ते म्हणाले. त्या लेथपासून तीस पावलांवर माझं टेबल आहे. सामान दुकानात मिळतं, नाहीतर कंपनीकडून येतं, एवढंच माझ्या डोक्यात बसलेलं. हार घालणाऱ्यांवर मी चिडतो, दुकानदारांवर चिडतो, पण त्या तीस पावलांचं काय करू?

एक्सल बसवला तेव्हा अक्कानं आभार मानले नाहीत. पायडल एकदा फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "आट म्हैनं लागलं व्हय रं बापू, एवढ्याला?" दुसऱ्या दिवशी तिनं बूथ उघडला. एकोणीस दिवस बूथवर गेली. विसाव्या दिवशी ताप आला.

परवा गावी गेलो होतो. अक्काच्या खोलीत संध्याकाळी अंधारून आलं म्हणून मी भिंतीवर बटण चाचपू लागलो, तर हाताला काही लागेना. मग आठवलं. वीज घेताना अक्कानं वायरमनशी भांडून बटणं जमिनीपासून दीड हातावर बसवून घेतली होती. फळी तिथंच, खुंट्या तिथंच, आरसाही तिथंच. चुलते दारातून म्हणाले, "वायरमनला सांगतो, वर घिऊया आता." काकी चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काय वर घ्याचं न्हाय," त्या म्हणाल्या. "ज्याला उजेड पायजे त्यानं वाकावं."

मी वाकलो.