डर्विन नार्सिसच्या दोन परीक्षा

डर्विन नार्सिसला खुर्चीत बसवून ठेवणं हे माझ्या दुकानातलं सगळ्यात अवघड काम. मी अल्फॉन्स, सेंट ऑडिल गावचा न्हावी. अर्धं डोकं झालं की हा उठतो, दारापर्यंत जातो, रस्त्यावर कोण दिसतंय ते बघतो आणि परत येतो.

"बस रे, कान कापला जाईल."

"काप. दुसरा आहे ना."

शाळेत आम्ही एकाच अमेरिकन फुटबॉलच्या संघात होतो. तो रनिंग बॅक, म्हणजे चेंडू पोटाशी आवळायचा आणि अंगावर येणाऱ्या धिप्पाड पोरांच्या गर्दीत घुसायचं. शुक्रवारी संध्याकाळी साखर कारखान्यातली माणसं पाळ्या बदलून मैदानावर यायची, ती त्याच्यासाठी. ओल्या साबणासारखा निसटायचा. पुढे कॉलेज, मग मोठी लीग. पहिल्या वर्षी राखीव, दुसऱ्या वर्षी चेंडू घेऊन नऊशे यार्ड धावला, तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. सहा वर्षांत तीन शहरं झाली आणि एका मंगळवारी त्याला सांगण्यात आलं, कपाट रिकामं कर.

गावी परतल्यावर त्याने टायरच्या दुकानात काम केलं, विमा विकला, बँकेच्या दाराशी पहारा दिला. चार महिन्यांवर एकही टिकलं नाही. भर दुपारी नदीच्या बांधावर येरझाऱ्या घालायचा. बायको, रोशेल, म्हणायची, "घरात जमिनीवरचं लिनोलियम झिजलं, आता बांध झिजवतोय." शेवटी शाळेच्या बसगाड्या सांभाळणाऱ्या मिस ओपलनी त्याच्या हातात एक बस दिली. त्या सीटवर मात्र तो बसला. नऊ वर्षं बसला. कोणत्या पोराचं कोणाशी भांडण आहे, कोण न्याहारी न करता आलंय, सगळं त्याला ठाऊक असायचं.

गेल्या ऑक्टोबरात नेहमीसारखी त्याने रुळांपाशी बस थांबवली. तिथे दार उघडून कानोसा घ्यायचा आणि मगच पलीकडे जायचं, असा नियम आहे. याने दार उघडलं आणि तसाच बसून राहिला. मागे गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. पुढच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "मिस्टर डी, आगगाडी नाहीये. चला ना."

याने तिला विचारलं, "कुठे?"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मिस ओपलच्या कानावर गेली. त्यांनी सांगितलं, डॉक्टरचा कागद आण, तोवर किल्ली माझ्याकडे. माजी खेळाडूंची डोकी तपासणारे एक डॉक्टर दोन तासांवरच्या शहरात बसतात. लीगमध्ये असताना डर्विनची अशीच परीक्षा झाली होती, तिची जुनी नोंदही त्यांनी मागवून घेतली होती. शुक्रवारी रोशेलची ड्यूटी होती, म्हणून मी गाडी काढली. वाटेत त्याने रेडिओ इतक्या वेळा बदलला की शेवटी मीच तो बंद केला.

आत त्याला शब्द लक्षात ठेवायला दिले, आकृत्या दाखवल्या, बटणं दाबायला लावली. बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. डॉक्टर हसतमुखाने म्हणाले, "मिस्टर नार्सिस, तेवीस वर्षांचे असताना होतात तसेच आहात. आठवणीत तर काकणभर सरसच." आणि सही करून कागद दिला.

मी खुशीत येऊन गरमागरम बुदँ घेतलं. भात भरलेलं ते सॉसेज हा एरवी गाडीत बसायच्या आत संपवतो. आज हातात धरून नुसता गाडीभोवती फिरत राहिला.

"फॉन्स, तेविसाव्या वर्षीची परीक्षा मी मुद्दाम बिघडवली होती."

"कशाला?"

"सगळेच बिघडवायचे. हंगामाआधी घ्यायचे ती. पुढे डोक्याला मार बसला की तीच परत घ्यायचे, आणि गुण उतरले की बाहेर बसवायचे. म्हणून जुन्या गड्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं, आधीच ढ व्हा. मग उतरायला काही राहतच नाही." त्याने बुदँ टपावर ठेवलं. "तेव्हा मी आठवत असलेले शब्द गिळले. आज जीव ओतला. आणि दोन्ही सारखेच निघाले."

मी घाबरलो की चिडतो, तसा चिडलो. "मग काय झालं? सही आहे ना? कागद खिशात घाल आणि गप्प बस. बसचं काम सुटलं तर तू आम्हा सगळ्यांना वेड लावशील." मी हे बोललो. नाकारत नाही.

सोमवारी सकाळी मिस ओपलच्या कचेरीत तो मला सोबत घेऊन गेला. कागद वाचून त्यांना इतका आनंद झाला की किल्ली काढून टेबलावर ठेवूनच टाकली. "पोरं रोज विचारतात रे तुला."

याने किल्लीला हात लावला नाही. या पायावरून त्या पायावर होत त्याने त्यांना जुन्या परीक्षेचं सगळं सांगून टाकलं.

"बाळा, डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?" मिस ओपल म्हणाल्या.

"मला माझे थांबे म्हणायला लावा. तेवीस आहेत. ओळीने."

त्यांनी नाइलाजाने यादी समोर घेतली. तो भराभर म्हणत गेला. ब्रूसार्डचं दुकान, जुनं गोदाम, बाप्टिस्ट चर्च, मिस लूसिलचं फाटक. अकरा थांबे झाले, एकही चुकला नाही. मिस ओपल माझ्याकडे बघून हसल्या.

मग तो थांबला. खिडकीपाशी गेला, परत आला. कपाळ चोळलं, छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं मिनिटभर, आणि नकारार्थी मान हलवली.

बारावा थांबा माझं घर आहे. माझी धाकटी टिया तिथे रोज सकाळी पावणेसातला बसमध्ये चढते.